उत्तर बरोबर, तरी नापास

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणारे एक कुटुंब. घरातील थोरली मुलगी पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकते. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि एका विषयात एटीकेटी लागल्याचे कळले. विषयाचे नाव ‘डिझाइन अँड अॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स’. दहावी-बारावीत नव्वदीच्या खाली न आलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर असे काही येईल, याची घरात कोणालाच कल्पना नव्हती.

सुट्टीत ती घरी आली तेव्हा वडिलांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागून घेतली. हिशेबाच्या वह्या तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेलेली. एका प्रश्नावर त्यांचे बोट थांबले. दिलेल्या यादीत एखादा क्रमांक दोनदा आला आहे काय, हे शोधण्याचा प्रोग्राम लिहायचा होता. मुलीने लिहिला होता आणि दहापैकी दोन गुण मिळाले होते.

“हा चालतो का गं?”

“चालतो, अण्णा.”

“उत्तर बरोबर येतं?”

“नेहमीच.”

“मग नापास कशाबद्दल? आमच्याकडे ताळा जमला की वही बरोबर.”

मुलीला उत्तर देता आले नाही. पहिल्या वर्षापासून ती प्रोग्राम लिहीत होती आणि ते चालत होते. या विषयात नेमके काय मागतात, हेच तिला उमगले नव्हते. आजींनी नेहमीचा विषय काढला. एक चांगले स्थळ आले आहे, राहिलेले शिक्षण नंतरही होईल. मोबाइलवरील मदतनीसाकडून सारे लिहून घेणारा धाकटा भाऊ म्हणाला, “आता प्रोग्राम ए.आय. लिहितं. शिकून काय करायचं?”

व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज संगणकशास्त्राकडे वळत आहेत आणि हाच विषय त्यांना अडवतो. म्हणून अण्णांचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. उत्तर बरोबर असूनही नापास का, याचा उलगडा झाला तर विषयही कळतो आणि तो का शिकावा, हेही कळते.

रीत म्हणजे काय

ठरावीक पायऱ्यांनी, कोणताही संदेह न ठेवता, प्रश्नाकडून उत्तराकडे नेणारी कृती म्हणजे अल्गोरिदम. हा शब्द बगदादमध्ये नवव्या शतकात होऊन गेलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्यांनी भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले, लेखकाच्या नावाचे लॅटिन रूप रूढ झाले आणि पुढे भारतीय अंकांनी गणित करण्याच्या रीतीलाच ते नाव चिकटले. आपण शाळेत शिकलेला हातचा घेऊन करायचा गुणाकार हाही एक अल्गोरिदमच होय.

पेढीवर वाढलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. कीर्द आणि खतावणी यांतील भेद त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिले जातात, म्हणून लिहिणे सोपे असते. पण एखाद्या शेतकऱ्याची बाकी किती, हे कीर्दीतून काढायचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावे लागते. म्हणून नोंदी खतावणीत उतरवतात. प्रत्येकाचे खाते वेगळे आणि पुढे नावांची अनुक्रमणिका. लिहिताना थोडे अधिक कष्ट पडतात, पण विचारणारा दारात उभा असताना उत्तर क्षणात मिळते.

दोन्ही वह्यांतून निघणारी बाकी एकच. फरक पडतो तो श्रमांत. कोणत्या मांडणीत किती पायऱ्या लागतात आणि नोंदी वाढल्या की त्या पायऱ्या कशा वाढतात, हे मोजणारे शास्त्र म्हणजे अल्गोरिदमचे विश्लेषण. परीक्षेत गुण असतात ते याच मोजणीला.

दहा लाखांत वीस पावले

समजा, नावांची अकारविल्हे लावलेली यादी आहे आणि तीत दहा लाख नावे आहेत. एक नाव शोधायचे आहे. सुरुवातीपासून एकेक नाव पाहत गेल्यास वाईट वेळी दहा लाख वेळा पाहावे लागेल. पण यादीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवले आणि हवे असलेले नाव त्याच्या आधी की नंतर एवढेच पाहिले, तर अर्धी यादी एका फटक्यात बाद होते. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तसेच करायचे. दहा लाखांचे पाच लाख, पाचाचे अडीच, असे करीत वीस पावलांत शोध संपतो. यादी एक कोटीची झाली तर चोवीस पावले, शंभर कोटींची झाली तर तीस. यादी हजारपट वाढली तरी पावले दहानेच वाढतात. यास द्विभाजन शोध म्हणतात आणि या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ बहुधा येथूनच होतो.

एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, या मोजमापाला आधुनिक गणितात दोन या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात. विद्यार्थ्यांना या शब्दाचीच धास्ती वाटते. जैन वाचकांना मात्र त्याचे जुने नाव परिचयाचे असावे. आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावर लिहिलेली धवला टीका इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. तीत ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा नेमक्या याच अर्थाने येते. संख्या जितक्या वेळा निम्मी होते, तितके तिचे अर्धच्छेद. आठाचे तीन, सोळाचे चार. तीनने भागण्यासाठी त्रिकच्छेद आणि चारने भागण्यासाठी चतुर्थच्छेद हेही तीत आहेत. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोहोंच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही टीकाकारांना ठाऊक होता. युरोपात नेपियरचा लॉगॅरिदमवरील ग्रंथ १६१४ साली आला. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचे खंड १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा हे गणित अभ्यासकांपुढे आले.

यावरून प्राचीनांना संगणक ठाऊक होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे होते. लोकातील जीव, द्रव्ये आणि काल यांच्या प्रचंड संख्यांविषयी नेमकेपणाने बोलता यावे, यासाठी त्यांनी ही साधने घडवली. पण महाविद्यालयातील मुलीला ‘लॉग एन’ पाहून घाम फुटत असेल, तर तिने त्या जागी अर्धच्छेद वाचावे. अर्थ एकच आहे आणि भीती निम्मी होते.

दोन याद्यांचा मेळ

आता मुलीच्या उत्तरपत्रिकेकडे वळू. तिने यादीतील प्रत्येक क्रमांक घेऊन तो बाकीच्या सर्व क्रमांकांशी ताडून पाहिला होता. रीत बिनचूक, पण श्रम संख्येच्या वर्गाने वाढणारे. विद्यार्थी हे ‘बिग ओ ऑफ एन स्क्वेअर’ असे लिहितात. प्रश्नात मात्र याहून कमी श्रमांची रीत मागितली होती.

वर्गाने वाढणे म्हणजे काय, हे जीएसटी भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला अनुभवाने कळू शकते. दरमहा खरेदीची नोंदवही एकीकडे आणि जीएसटीआर-२बी हे विवरण दुसरीकडे ठेवून बिले जुळवावी लागतात. जे बिल जुळत नाही त्याचे क्रेडिट अडकते. समजा, दोन्ही बाजूंस वर्षाची वीस-वीस हजार बिले आहेत. इकडचे प्रत्येक बिल तिकडच्या प्रत्येक बिलाशी ताडायचे ठरवले, तर वीस हजार गुणिले वीस हजार, म्हणजे चाळीस कोटी तुलना होतात. पेढीवरचा जुना संगणक सेकंदाला दहा लाख तुलना करीत असेल, तर त्यास पावणेसात मिनिटे लागतील.

आता दुसरी रीत. दोन्ही याद्या आधी बिलक्रमांकानुसार लावून घ्यायच्या आणि मग दोन बोटे दोन याद्यांवर ठेवून बरोबरीने खाली सरकत जायचे. जे मागे असेल ते बोट पुढे न्यायचे, जुळले की खूण करायची. यादी क्रमाने लावण्यासाठी ‘मर्ज सॉर्ट’ ही रीत आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी ती १९४५ मध्ये मांडली. यादीचे दोन भाग करावेत, प्रत्येक भाग क्रमाने लावावा आणि मग दोन्ही भाग एकत्र ओवावेत, असे तिचे स्वरूप. तिला लागणारे श्रम म्हणजे संख्या गुणिले तिचे अर्धच्छेद. वीस हजारांसाठी ढोबळमानाने वीस हजार गुणिले पंधरा, म्हणजे तीन लाख. दोन याद्यांचे सहा लाख आणि शेवटच्या मेळाचे चाळीस हजार. एकूण साडेसहा लाखांच्या आत, आणि तोच जुना संगणक हे काम एका सेकंदाच्या आत उरकतो.

व्यवसाय वाढून बिले ऐंशी हजार झाली तर? पहिल्या रीतीला ६४० कोटी तुलना, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडे अधिक. दुसरीला तीन सेकंद. येथे कोणी म्हणेल, दहापट वेगवान संगणक विकत घ्यावा. वर्गाने वाढणाऱ्या कामात दहापट वेगाचे यंत्र तितक्याच वेळात जेमतेम सव्वातीनपट बिले हाताळू शकते. पैसे दहापट आणि लाभ तिप्पट, हा सौदा कोणता व्यापारी करील? रीत बदलायला मात्र एक पैसाही लागत नाही.

परीक्षकाने आठ गुण कापले होते ते यासाठी. वहीचा ताळा जमलेला होता, पण ती लिहायला लागणारा वेळ धंद्याला न परवडणारा होता.

तथापि वेगाच्या आधी अचूकता, हेही हा विषय तितक्याच आग्रहाने शिकवतो. द्विभाजन शोध वर सांगितला तेवढा सोपा वाटतो. पण जाव्हा या भाषेसोबत जगभर वापरल्या जाणाऱ्या त्याच्या तयार प्रोग्राममध्ये एक दोष आहे, हे अनेक वर्षांनी, २००६ साली, उघड झाले. मध्य काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून ती निम्मी केली जात होती. यादी शंभर कोटींच्या पलीकडे गेली की ती बेरीज यंत्राच्या मापात मावत नसे आणि उत्तर ऋण होई. एवढ्या मोठ्या याद्या येईपर्यंत चूक झाकलेली राहिली. म्हणून ‘चालून पाहिले, चालते’ एवढ्यावर हा विषय थांबत नाही. ते प्रत्येक वेळी का चालेल, याची सिद्धता मागतो.

लोभाची रीत

अभ्यासक्रमातील एका प्रकरणाचे नाव ऐकून जैन घरातील विद्यार्थ्यांना हसू येते. त्याचे इंग्रजी नाव ‘ग्रीडी’, म्हणजे लोभी. प्रत्येक पायरीवर त्या क्षणी जे सर्वांत मोठे वा लाभाचे दिसते ते उचलायचे आणि मागे वळून पाहायचे नाही. काही प्रश्नांत ही रीत उत्तम उत्तर देते. काहींत फसवते.

जुनी नाणी आठवून पाहावीत. एके काळी पाच, दहा, वीस आणि पंचवीस पैशांची नाणी चलनात होती. चाळीस पैसे कमीत कमी नाण्यांत द्यायचे आहेत. लोभी रीत आधी सर्वांत मोठे नाणे उचलते. पंचवीस दिले, मग दहा, मग पाच. तीन नाणी झाली. पण वीस-वीसची दोन नाणी दिली असती तर काम दोनांत भागले असते. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, उदाहरण मात्र अजून खणखणीत आहे. गणितातही लोभ कधी तारतो आणि कधी बुडवतो. तो केव्हा तारील हे आधी सिद्ध करावे लागते, आणि त्या सिद्धतेलाच परीक्षेत गुण असतात.

लोभ जेथे फसवतो तेथे ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ कामास येते. हे नाव १९५०च्या दशकात रिचर्ड बेलमन यांनी दिले. नाव मोठे असले तरी तत्त्व पेढीवरचेच आहे. एकदा काढलेला हिशेब लिहून ठेवावा, पुन्हा काढू नये.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण छंदशास्त्रात आहे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघु असेल तर आधीची रचना एक मात्रा कमी असलेल्या ओळीची, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेल्या ओळीची. म्हणून प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज होते : १, २, ३, ५, ८, १३. विरहांकांनी हे सांगितले आणि गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० मध्ये ते मांडले. इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. जग या संख्यांना त्याच्या नावाने ओळखते.

ही मालिका काढण्याचा प्रोग्राम व्याख्येबरहुकूम लिहिला, की ‘आधीच्या दोन काढ, त्यांच्यासाठी त्यांच्या आधीच्या काढ’, तर संगणक त्याच त्या संख्या पुन:पुन्हा काढत बसतो. पन्नासाव्या संख्येसाठी सुमारे चार हजार कोटी वेळा त्याला तोच प्रश्न स्वत:ला विचारावा लागतो. मिळालेली प्रत्येक संख्या लिहून ठेवली तर पन्नासांच्या आत बेरजा पुरतात. छंदशास्त्रकार ओळीने संख्या मांडत जात आणि आजच्या विद्यार्थ्यालाही नेमके तेच शिकायचे असते.

जेथे शहाणपणही थकते

काही प्रश्नांपुढे मात्र सारे जग अडले आहे. गोदामातून एक टेम्पो वीस गावांना माल पोचवून परत यायचा आहे, सर्वांत कमी अंतराचा मार्ग कोणता? हे गोदामही वीस गावांतलेच एक धरले, तर संभाव्य मार्ग सुमारे सहा कोटी अब्ज होतात. सेकंदाला दहा कोटी मार्ग तपासणारे यंत्र एकोणीस वर्षे राबेल. गावे पंचवीस केली तर दहा कोटी वर्षे. याहून पुष्कळ चांगल्या रीती सापडल्या आहेत, परंतु गावे कितीही वाढली तरी नेमके उत्तर झपाट्याने देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी ज्या सिद्धान्ताची पायाभरणी केली, त्यातून असे हजारो प्रश्न एकमेकांशी बांधलेले असल्याचे दिसून आले. एकाची झटपट रीत सापडली तर सर्वांची सापडते. अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली या कोड्याला दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते अजून कोणी मिळवलेले नाही.

विद्यार्थ्याला याचा उपयोग असा, की कोणत्या प्रश्नाचे अचूक उत्तर मागावे आणि कोठे ‘पुरेसे चांगले’ उत्तर स्वीकारून पुढे जावे, हे त्याला ओळखता येते. हा विवेक व्यापारातही लागतो.

विद्यार्थ्यांनी लावलेले शोध

या विषयाच्या इतिहासात विद्यार्थ्यांचे स्थान मोठे आहे. १९५१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये डेव्हिड हफमन शिकत होते. प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला दोन पर्याय दिले : अंतिम परीक्षा किंवा एक निबंध. निबंधाचा विषय होता, कमीत कमी चिन्हांत संदेश कसा लिहावा. हफमन यांनी निबंध निवडला, अनेक महिने अडले, आणि शेवटी प्राध्यापकांच्या स्वत:च्या रीतीहून सरस रीत त्यांना सापडली. आज मोबाइलमधील छायाचित्रे आणि झिप फाइली लहान करताना तीच वापरली जाते.

१९६० मध्ये मॉस्को विद्यापीठात थोर गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी एका चर्चासत्रात मत मांडले, की शाळेतील गुणाकाराच्या रीतीहून मूलत: जलद रीत असणार नाही. श्रोत्यांत तेवीस वर्षांचे अनातोली करात्सुबा होते. आठवड्याभरात त्यांनी जलद रीत शोधून दाखवली. तोंडी हिशेबात तरबेज असलेल्या वाचकांना ती करून पाहता येईल. ४७ गुणिले ३६ घ्यावेत. नेहमी आपण चार लहान गुणाकार करतो. करात्सुबा तीनच करतात. ४ गुणिले ३ म्हणजे १२. ७ गुणिले ६ म्हणजे ४२. मग अंकांच्या बेरजांचा गुणाकार : ११ गुणिले ९ म्हणजे ९९. त्यातून १२ आणि ४२ वजा केले की ४५. आता १२ शतके, ४५ दशके आणि ४२ एकक मिळून १६९२. एक गुणाकार वाचला, एवढेच. पण १०२४ अंकी संख्यांना हीच युक्ती पुन:पुन्हा लावली, तर १०,४८,५७६ लहान गुणाकारांऐवजी ५९,०४९ पुरतात.

भारतातले उदाहरण तर कालपरवाचे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे नि:संशय आणि जलद ठरवण्याची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूर येथे मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्यासह शोधली. दोघे तरुण तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. २००६ मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळाले.

अभ्यास कसा करावा

हा विषय पाठांतराने सुटत नाही. सांगलीच्या त्या मुलीने पंधरा प्रोग्राम पाठ केले होते आणि सोळावा आला. प्रत्येक रीत आठ-दहा संख्या घेऊन कागदावर हाताने चालवून पाहावी. प्रत्येक पायरीला कोणत्या घरात काय आहे ते लिहावे. मग तीन प्रश्न विचारावेत. ही रीत थांबेलच कशावरून? उत्तर बरोबरच येईल कशावरून? आणि संख्या दुप्पट झाली तर श्रम किती होतील? या तिन्हींची उत्तरे स्वत:च्या शब्दांत देता आली की प्रकरण झाले असे समजावे. कॉर्मेन, लायसर्सन, रिव्हेस्ट आणि स्टाइन यांचा ग्रंथ जगभर वापरला जातो. तो जड वाटल्यास एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांची व्याख्याने विनामूल्य आहेत. लॉगॅरिदम, श्रेढी आणि गणितीय अनुमान ही अकरावीची प्रकरणे कच्ची असतील तर आधी ती पक्की करावीत. बहुतेकांचे खरे अडणे तेथेच असते.

ए.आय. प्रोग्राम लिहून देते, हे खरे आहे. मुनीमही वही लिहून देत असे. पण ज्या मालकाला वही वाचता येत नसे, त्याची पेढी मुनीमाच्या हाती जाई. लिहून आलेला प्रोग्राम दहा नोंदींवर चालतो आणि दहा लाखांवर कोलमडतो, हे ओळखणारा माणूस यापुढेही लागेल. ती ओळख या विषयातून येते.

पालकांसाठी एवढेच सांगणे, की एटीकेटी हा शिक्षणाचा शेवट नव्हे आणि स्थळ पाहायला निमित्तही नव्हे. मुलाला नापास झाल्यावर पुन्हा बसवायचे आणि मुलीला घरी बोलवायचे, अशी दोन मापे एका दुकानात ठेवू नयेत. मोजमापात फरक न करणे हे आपल्या अचौर्य व्रतानेच शिकवले आहे.

त्या घरात पुढे काय झाले? मुलीने सुट्टीत पेढीच्या संगणकावर दोन याद्यांचा मेळ घालणारा प्रोग्राम लिहिला, आधी पहिल्या रीतीने आणि मग दुसऱ्या. अण्णा घड्याळ घेऊन बसले. पहिली रीत चालू असताना त्यांचा चहा पिऊन झाला. दुसरी चालू केली तेव्हा त्यांना वाटले, यंत्र बंद पडले. पडद्यावर तेरा न जुळलेली बिले दिसत होती. दोन्ही वेळा तीच तेरा.

“ताळा दोन्हीचा जमला,” ते म्हणाले. थोड्या वेळाने स्वत:शीच पुटपुटले, “दोन गुण बरोबर दिलेत.”

फेरपरीक्षा अजून व्हायची आहे. आजींनी स्थळाचा विषय सोडलेला नाही. पण दुपारी वसुलीच्या वेळी पेढीवर बसण्याचे मुलीचे काम आता धाकट्या भावाकडे आले आहे, आणि दोन ते पाच या वेळात माडीवर कोणी तिला हाक मारू नये, असे अण्णांनी सर्वांना सांगून ठेवले आहे.